इंग्लंडच्या मोठ्या क्लबांना इंग्रज मॅनेजर का मिळत नाहीत?

कोल्हापूरच्या एका तरुण प्रशिक्षकाने मला विचारलंय: फुटबॉल इंग्लंडमध्ये जन्मला, जगातली सगळ्यात श्रीमंत लीग तिथे, मग तिथल्या मोठ्या क्लबांच्या बाकावर इंग्रज माणूस का दिसत नाही? इंग्रज प्रशिक्षक कमी पडतात, की बाहेरच्यांनी त्यांच्या नोकऱ्या पळवल्या?

भावा, दोन्ही कारणं अपुरी आहेत. मी शिवाजी पेठेत वाढलो, शाहू स्टेडियमवर तालमीच्या फुटबॉल संघाकडून चार हंगाम खेळलो आणि गेली बावीस वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये पोरांना फुटबॉल शिकवतोय. यूएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, प्रशिक्षकाचा ए परवाना आहे, क्लबांच्या अकॅडमींत अर्धवेळ कामं केलीत. मॅनेजर कसा घडतो आणि कुठल्या पायरीवर अडकतो, ते रोज बघतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

परिस्थिती किती टोकाची आहे ते आधी बघ. ऑगस्ट १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा २२ क्लबांचे सगळे मॅनेजर ब्रिटन किंवा आयर्लंडचे होते आणि त्यातले दोन तृतीयांशांहून जास्त इंग्रज. ऑगस्ट २०२५ मध्ये हंगामाचा पहिला सामना झाला तेव्हा २० क्लबांत इंग्रज तिघेच होते: न्यूकॅसलचा एडी हाऊ, वेस्ट हॅमचा ग्रॅहम पॉटर आणि बर्नलीचा स्कॉट पार्कर. सप्टेंबर संपायच्या आत पॉटरला काढलं. २०२५ पर्यंत झालेल्या ३३ हंगामांत प्रीमियर लीग एकाही इंग्रज मॅनेजरने जिंकली नाही. ती जिंकणारे ब्रिटिश मॅनेजर दोनच, फर्ग्युसन आणि डॅलग्लिश, आणि ते दोघे स्कॉटिश. इंग्लंडची लीग जिंकणारा शेवटचा इंग्रज म्हणजे लीड्सचा हॉवर्ड विल्किन्सन, तोही १९९२ मध्ये, प्रीमियर लीगआधी सगळ्यात वर असलेल्या जुन्या फर्स्ट डिव्हिजनच्या अखेरच्या हंगामात. २००८ मध्ये हॅरी रेडनॅपने पोर्ट्समथला एफए कप मिळवून दिला. त्यानंतर इंग्रज मॅनेजरच्या हातात देशातला मोठा करंडक यायला मार्च २०२५ उजाडावा लागला, जेव्हा हाऊच्या न्यूकॅसलने लिव्हरपूलला हरवून लीग कप घेतला. राष्ट्रीय संघसुद्धा आता थॉमस टुखेल या जर्मन माणसाकडे आहे.

आता याच देशाचं दुसरं चित्र. १९७७ ते १९८४ या आठ वर्षांत युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, सात वेळा इंग्लंडला आला आणि सातही वेळा मॅनेजर इंग्रज होता. बॉब पेस्ली तीनदा, ब्रायन क्लफ दोनदा, टोनी बार्टन एकदा, जो फेगन एकदा. एवढी अक्कल चाळीस वर्षांत एखाद्या देशातून उडून जात नाही. म्हणून मी प्रश्न असा मांडतो: ही माणसं त्या खुर्चीपर्यंत पोचली कशी, आणि ती वाट आज कुठे आहे?

वाटा दोन होत्या. पहिली तुला लगेच कळेल, कारण ती आपल्या तालमीसारखी होती. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानात स्टँडखाली बूट ठेवायची एक खोली होती. सामना संपला की प्रशिक्षक तिथेच बसायचे, खोकी उलटी करून त्यांवर टेकायचे, चहा प्यायचे आणि कोणाचा गुडघा दुखतोय, कोण उगाच पळतोय यावर बोलायचे. बॉब पेस्ली या क्लबात खेळाडू म्हणून आला १९३९ मध्ये, प्रशिक्षकांत गेला १९५४ मध्ये आणि मॅनेजर झाला १९७४ मध्ये. फेगन १९५८ मध्ये आला आणि त्याची पाळी आली १९८३ मध्ये. वस्तादाच्या हाताखाली आधी माती ओढायची, मग नव्या पोरांना जोर-बैठका घालायला लावायच्या, मग एक दिवस वस्ताद उठतो आणि जागा तुझी होते, तसंच. १९९३ मध्ये ती खोली पाडली आणि तिथे पत्रकारांसाठी जागा केली. खोली पडली म्हणून परंपरा संपली असं मी म्हणणार नाही, पण तोवर क्लब चालवायची रीतच बदलत आली होती. पुढे क्लबांचे मालक अमेरिकेतून, आखातातून, रशियातून आले. त्यांना गावचा वस्ताद माहीत नव्हता. त्यांनी जगभरचे निकाल पाहिले आणि ज्याने मोठं काही जिंकलंय त्याला बोलावलं. मालकाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुसरी वाट म्हणजे क्लब घेऊन वर चढणं. क्लफने १९६७ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधलं डर्बी घेतलं आणि १९७२ मध्ये त्याला लीगविजेता केलं. मग दुसऱ्या डिव्हिजनमधलं नॉटिंगहॅम फॉरेस्ट घेतलं आणि तिथेही तेच केलं. विल्किन्सनने १९८८ मध्ये लीड्स घेतलं तेव्हा तेही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं. १९९० मध्ये वर आणलं, १९९२ मध्ये लीग जिंकली. मोठ्या क्लबाने बोलवायची वाट ही माणसं बघत बसली नाहीत, त्यांनी हातातला क्लबच मोठा केला.

आज ही वाट पैशाने अडवली आहे. प्रीमियर लीगचा टीव्हीचा पहिला करार पाच वर्षांसाठी ३०.४ कोटी पौंडांचा होता. २०२५ पासूनचा, फक्त ब्रिटनपुरता करार चार वर्षांसाठी ६७० कोटी पौंडांचा आहे. वरच्या आणि खालच्या डिव्हिजनमध्ये इतकी मोठी दरी पडलीय की २०२३ मध्ये वर आलेले तिन्ही क्लब २०२४ मध्ये खाली गेले आणि त्यांच्या जागी आलेले तिघेही २०२५ मध्ये खाली गेले. आता विचार कर, क्लबाला वर आणणारा माणूस बऱ्याचदा इंग्रज, नाहीतर ब्रिटिश. वर आल्यावर त्याच्याकडे संघ दुसऱ्या डिव्हिजनचा आणि समोर आर्सेनल, मँचेस्टर सिटी. तो हरतो. मग त्याच्या नावापुढे शिक्का बसतो: हा खालच्या लीगचा माणूस, हा फक्त चिवटपणे वाचवणारा.

क्रिस वाइल्डरचं बघ. २०१६ मध्ये त्याने तिसऱ्या डिव्हिजनमधलं शेफील्ड युनायटेड हातात घेतलं. पहिल्याच हंगामात १०० गुण काढून वर आला, २०१९ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचला आणि तिथे थेट नववा आला. त्याचे कडेचे सेंटर बॅक, म्हणजे मधल्या बचावफळीतले खेळाडू, चेंडू सोडून विंगरच्या पुढे पळायचे. असा डाव तोवर इंग्लंडात कोणी खेळत नव्हतं, आणि आमच्या प्रशिक्षणवर्गांत त्याचे व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवले जायचे. पुढच्या हंगामात संघ कोसळला, मार्च २०२१ मध्ये त्याने क्लब सोडला, आणि पुढची नोकरी मिळाली ती दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. त्याच्या शेजारी व्हिन्सेंट कॉम्पनी ठेव. बेल्जियमच्या या माणसाचा बर्नली संघ २०२४ मध्ये २४ गुणांवर खाली गेला आणि त्याच उन्हाळ्यात बायर्न म्युनिकने त्याला नेलं. तिथे पहिल्याच वर्षी त्याने जर्मन लीग जिंकली, म्हणजे म्युनिकवाल्यांची पारख खोटी नव्हती. त्यांनी त्याचे गुण मोजले नाहीत, संघ चेंडू कसा खेळवतोय ते पाहिलं. वाइल्डरकडे त्या नजरेने कोणी पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण सगळा दोष मालकांवर आणि पैशावर टाकला तर ते अर्धंच उत्तर होईल. इंग्लंडला प्रशिक्षण हा शिकायचा विषय आहे हेच फार उशिरा पटलं. जॉर्ज रेनर हा यॉर्कशरचा माणूस. त्याने स्वीडनला १९४८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं आणि १९५८ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. त्यानंतर मायदेशी आला तेव्हा त्याला काम मिळालं स्केगनेस टाउन नावाच्या समुद्रकाठच्या गावच्या क्लबात. इटलीत खेळाडू आजही प्रशिक्षकाला ‘मिस्टर’ म्हणतात. ती सवय १९१२ मध्ये जेनोआला गेलेल्या विल्यम गार्बट या इंग्रजापासून पडली असं तिथे मानतात. ज्या देशाने जगाला शिक्षक दिले त्या देशाने स्वतःच्या घरात शाळा बांधली नाही. इटलीचं कोव्हरचानो १९५८ पासून आहे. तिथे मॅनेजर व्हायचं तर प्रबंध लिहावा लागतो, आणि आन्चेलोत्तीनेही लिहिला. फ्रान्सचं क्लेअरफोंतेन १९८८ मध्ये उघडलं. इंग्लंडचं सेंट जॉर्जेस पार्क २०१२ मध्ये. त्याची कल्पना पुढे रेटणारा माणूस कोण? हॉवर्ड विल्किन्सनच, तेव्हा एफएचा, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा, तांत्रिक संचालक. जागा घेऊन झाली तरी काम वर्षानुवर्षं पडून राहिलं.

त्या काळात २०१० च्या विश्वचषकानंतर आकडे छापून आले होते. यूएफाचा बी, ए किंवा सगळ्यात वरचा प्रो परवाना असलेले प्रशिक्षक इंग्लंडमध्ये २,७६९, स्पेनमध्ये २३,९९५, इटलीत २९,४२० आणि जर्मनीत ३४,९७०. ते कात्रण आमच्या अकॅडमीच्या फळ्यावर कोणीतरी टाचलं होतं आणि कितीतरी महिने ते तसंच होतं. आज जे पन्नाशीच्या आसपासचे मॅनेजर म्हणून मोठ्या नोकऱ्यांसाठी उभे राहतात ते त्या वर्षांत तयार होत होते. जर्मनीत प्रत्येक गावात शिकलेला प्रशिक्षक होता, इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी एखाद्या पोराचा बाप गळ्यात शिटी घालून उभा होता. बापांना मी कमी लेखत नाही. त्यांच्याशिवाय इथल्या रविवारच्या लीगा चालल्याच नसत्या. पण पोर अडलं की तो बाप एकच सांगायचा, पुढे मार.

परवाना म्हणजे काय ते एका प्रसंगावरून सांगतो. माझ्या ए परवान्याच्या परीक्षेला सोळा वर्षांची अठरा पोरं मैदानावर होती. मला शिकवायचं होतं गोलकीपरपासून पास देत देत चेंडू वर कसा आणायचा. पाऊस लागून होता, मैदान जड झालं होतं. राइट बॅकने पास चुकवला, मी शिटी मारली, सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं आणि त्याला मोकळा माणूस दाखवला. परीक्षक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुला दिसलं ते तू सांगितलंस. त्याला काय दिसत होतं?” मी त्या पोराच्या जागी जाऊन उभा राहिलो. तिथून तो मोकळा माणूस दिसतच नव्हता, मध्ये आमचाच मिडफिल्डर होता. चूक राइट बॅकची नव्हती, मिडफिल्डरच्या दोन पावलांची होती. त्या दिवशी मी नापास झालो, सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. पण पोराच्या जागी उभं राहून बघायचं हे मी त्या चिखलात शिकलो. सांगायचा मुद्दा, मला नापास व्हायला मिळालं आणि माझी नोकरी गेली नाही.

इंग्लंडमध्ये तरुण मॅनेजरला नेमकी हीच सोय नाही, आणि माझ्या मते सगळं घोडं इथेच अडतंय. स्पेनमध्ये मोठ्या क्लबाचा दुसरा संघ खालच्या डिव्हिजनमध्ये खरी लीग खेळतो. ग्वार्डिओलाने २००७ मध्ये बार्सिलोनाचा दुसरा संघ घेतला तेव्हा तो चौथ्या थरावर खेळत होता. खेडेगावची मैदानं, अंगावर येणारे बचावपटू, गुणतक्ता, सगळं खरं. वर्षभराने त्याला मुख्य संघ दिला. जर्मनीत माइन्झने २००९ मध्ये टुखेलला थेट युवा संघातून वर उचललं. हॉफेनहाइमने २०१६ मध्ये नागेल्समनला मुख्य संघ दिला तेव्हा त्याचं वय होतं २८. क्लबाला तो माणूस आतून माहीत होता, म्हणून धोका पत्करता आला. इंग्लंडमध्ये अकॅडमीचे संघ लीगमध्ये एकमेकांतच खेळतात. तिथे हरलं तर कोणी खाली जात नाही, जिंकलं तर कोणी वर येत नाही, बघायला दोनशे माणसं. तिथला चांगला प्रशिक्षक मोठ्या माणसांच्या खेळात तग धरेल की नाही, हे कोणाला कळायचं?

२०१४ मध्ये एफएचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांच्या आयोगाने दुसरे संघ लीगमध्ये घ्यायचा प्रस्ताव मांडला होता. देशभरातून विरोध झाला आणि तो बारगळला. त्या विरोधात मीही होतो. ॲक्रिंग्टन किंवा रॉचडेलसारख्या गावात शनिवारचा क्लब म्हणजे गावची ओळख असते. उद्या पाटाकडील तालमीसमोर मुंबईच्या कुठल्या बड्या क्लबाचा राखीव संघ लीगमध्ये आणून उभा केला तर आपल्याला कसं वाटेल? तसंच त्यांना वाटलं. पण त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली, तर इंग्रज प्रशिक्षकांनी.

म्हणून मग इंग्रज तरुणाला शिकायला एक तर गावचा बुडता क्लब मिळतो, नाहीतर परदेश. एडी हाऊ घडला कारण त्याचा क्लब इतका बुडाला होता की दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. बोर्नमथ चौथ्या डिव्हिजनमध्ये, त्यात १७ गुणांची वजावट. हाऊ ३१ वर्षांचा. क्लब वाचला, चढत गेला आणि २०१५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये आला. २०२० मध्ये खाली गेल्यावर हाऊने वर्षभर कामच घेतलं नाही. मग न्यूकॅसल मिळालं, ते लीगमध्ये एकही सामना न जिंकलेलं.

पॉटर गेला स्वीडनला. ओस्टरसुंड, चौथ्या थरावरचा क्लब, बर्फाच्या गावचा. सात वर्षांत त्याने तीनदा बढती घेतली, २०१७ मध्ये देशाचा कप जिंकला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये लंडनला जाऊन आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं. पुढे चेल्सीने नेलं आणि सात महिन्यांत काढलं. वेस्ट हॅमने काढल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला पुन्हा स्वीडननेच हाक मारली, राष्ट्रीय संघासाठी.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं. डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डचा. खेळाडू म्हणून नाव नाही, अठराव्या वर्षापासून पोरांना शिकवतोय. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया करत २०२१ मध्ये मुंबई सिटीला आला. पहिला हंगाम कोविडमुळे गोव्यातल्या बंदिस्त वातावरणात गेला. एप्रिल २०२२ मध्ये त्याच्या संघाने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. पुढच्या हंगामात लीग शील्ड, म्हणजे भारताच्या लीगमध्ये गुणांत पहिला नंबर. तो अंधेरीला सराव घ्यायचा तेव्हा मी सुट्टीवर मुंबईत होतो, जाळीबाहेर उभा राहून दोन तास बघितलं. तो एकदाही ओरडला नाही. खेळ थांबवायचा, पोराजवळ जायचा, विचारायचा, पुन्हा सुरू. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला त्याच्याच गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडने बोलावलं, आणि मे २०२४ मध्ये वेम्ब्लीवर बोल्टनला २-० हरवून त्याने क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आणला. इथवर तो क्लब पंचवीस वर्षांनी पोचत होता. डिसेंबरमध्ये, म्हणजे सात महिन्यांत, त्याला काढलं.

नावाजलेल्या खेळाडूंबद्दल थोडंच सांगतो. लॅम्पार्ड, जेरार्ड, रूनी, गॅरी नेव्हिल यांना मोठ्या खुर्च्या पटकन मिळाल्या, कारण नाव मोठं होतं. खेळाडू म्हणून कमावलेल्या नावावर एक-दोन हंगाम निघतात, त्यापुढे शिकलेलंच कामाला येतं. लॅम्पार्ड २०२४ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधल्या कॉव्हेंट्रीत जाऊन पुन्हा कामाला लागला, हे मला फार आवडलं.

आणि बाहेरच्यांनी नोकऱ्या पळवल्या म्हणणाऱ्यांना मी बोर्नमथचंच उदाहरण देतो. २०२२ मध्ये लिव्हरपूलकडून ९-० हरल्यावर पार्करला काढून गॅरी ओ’नीलला बसवलं. त्याने संघ वाचवला. तरी उन्हाळ्यात त्याला काढून स्पेनचा इराओला आणला. इंग्लंडमधले आम्ही सगळे प्रशिक्षक चिडलो होतो, मीही. दोन वर्षांत इराओलाने तोच क्लब नवव्या जागेवर नेला. क्लबाचं बरोबर होतं, हे मान्य करायलाच हवं. आर्सेनलचा फ्रेंच मॅनेजर वेन्गर १९९६ मध्ये आला नसता तर इंग्लंडमध्ये खेळाडू काय खातात याकडे कोणी इतक्या लवकर पाहिलंही नसतं.

महिलांच्या फुटबॉलमध्ये हे उलट दिसतं, कारण तिथे वेळ मिळाला. एमा हेस लंडनची. चेल्सीने तिला २०१२ ते २०२४ अशी बारा वर्षं ठेवलं. तिने सात लीग जिंकल्या आणि मग अमेरिकेला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं.

तू शेवटी विचारलं होतंस, हे बदलेल का. परवाने वाढलेत, तिशीतली पोरं आमच्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेली आहेत. अडचण त्यानंतरची आहे. माझा एक जुना सहकारी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याने दहा हजार पौंडांच्या वर खर्चून प्रो परवाना घेतला, खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबात मॅनेजर झाला आणि अकरा सामन्यांत बाहेर पडला. त्यातल्या चार सामन्यांत त्याचे दोन्ही सेंटर बॅक जखमी होते. त्यानंतर तीन वर्षांत त्याने अर्ज केले, पण दोनच मुलाखती आल्या, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न त्या अकरा सामन्यांचा. तो आता दिवसा पार्सलची गाडी चालवतो. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला ती गाडी आमच्या मैदानाच्या कडेला लावतो, मागचं दार उघडून प्लॅस्टिकचे कोन काढतो आणि माझ्या सोळा वर्षांखालच्या पोरांसाठी मांडत सुटतो. परवा राइट बॅकने पास चुकवला तेव्हा तो त्याच्या जागी जाऊन उभा राहिला आणि मिडफिल्डरकडे बघून हाताने खूण केली, दोन पावलं डावीकडे.